पाटी आहे, सांगून ठेवलंय, तरी अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू मिळतेच: दुकानात नेमकं चुकतं कुठे?

किराणा, जनरल स्टोअर आणि पानटपरी चालवणाऱ्यांकडून ही तक्रार वारंवार ऐकायला मिळते. 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय गुन्हा आहे' अशी पाटी काउंटरवर आहे. कामावरच्या पोराला बजावून ठेवलंय. मालक गल्ल्यावर असला की एकही लहान मूल सिगारेट मागायचं धाडस करत नाही. तरी अधूनमधून कुणाची तरी आई तणतणत येतेच, "तुमच्याच दुकानातून घेतली म्हणतोय. दिलीत कशी?" मग चार दिवस कडक वागायचं आणि पाचव्या दिवसापासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तालुक्याच्या गावात माझं किराणा दुकान आहे. शाळा सुटली की पोरांची रांग माझ्याच दारावरून जाते, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता नियमांचा नाही. आमच्या पेठेतल्या दुकानदारांशी बोलून आणि रोज काउंटरवर उभं राहून माझं एक मत पक्कं झालंय. अशी विक्री हावेपोटी होत नाही. एका सिगारेटमागे सुटतात तरी किती पैसे? ती होते ओळखीपोटी. पोरगं ओळखीचं, त्याचा बाप ओळखीचा, खातं जुनं, आणि 'नाही' म्हणायची जबाबदारी ऐनवेळी ज्याच्या अंगावर येते तो बिचारा गल्ल्यावर एकटा. म्हणून दुरुस्ती करायची ती तिथेच. निर्णय काउंटरवर घ्यायला लागू नये, तो आधीच झालेला असावा.

दोनशे रुपयांच्या भरवशावर राहू नका

बहुतेकांच्या डोक्यात कोटपा (सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांचा केंद्रीय कायदा) म्हणजे २०० रुपये दंड, एवढंच बसलंय. २००३ च्या या कायद्याचं कलम ६ दोन गोष्टी सांगतं. अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूजन्य पदार्थ विकायचे नाहीत, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत ते कुणालाच विकायचे नाहीत, मग गिऱ्हाईक साठ वर्षांचं का असेना. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. हे अंतर संस्थेच्या बाहेरच्या भिंतीपासून किंवा कुंपणापासून सरळ रेषेत धरायचं असतं. फाटकापासून रस्त्या-रस्त्याने चालत मोजलं की दुकान लांब वाटतं आणि तिथेच अनेकांचा हिशेब चुकतो. या कलमाचा भंग झाला तर दंड २०० रुपयांपर्यंत, हे खरं.

पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ सोबत वाचा. डॉक्टरच्या आदेशाशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विकलं काय आणि फुकट दिलं काय, फरक पडत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, तेव्हा त्या मुलाला मद्य देणाऱ्या ठिकाणांच्या मालक-व्यवस्थापकांवरही बाल न्याय कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. आणखी एक बाब दुकानदारांच्या सहसा ध्यानात नसते. गिऱ्हाईक सज्ञान होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कोटपाच्या नियमांनी विक्रेत्यावर टाकली आहे. शंका आली तर वयाचा पुरावा मागायची मुभाही त्याच नियमांनी दिली आहे. त्यामुळे "मला मोठा वाटला" हे उत्तर चालत नाही.

सगळ्यात मोठं भगदाड: घरून पाठवलेलं मूल

संध्याकाळची गर्दी. दहा वर्षांची मुलगी हातात पिशवी आणि चिठ्ठी घेऊन उभी. चिठ्ठीवर आईच्या अक्षरात अर्धा किलो साखर, चहाचा पुडा, कपडे धुवायचा साबण, आणि खाली वेगळ्या अक्षरात 'पप्पांची पुडी'. मुलगी निष्पाप आहे, तिला त्या पुडीत काडीचा रस नाही. नव्व्याण्णव दुकानदार इथे पुडी पिशवीत टाकतात, कारण ती खाणारा बाप आहे हे त्यांना माहीत असतं.

कायद्याला खाणारा कोण याच्याशी देणंघेणं नाही. विक्री कुणाच्या हातात झाली एवढंच तो बघतो. पण मला कायद्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. बापाची पुडी रोज आणून देणाऱ्या मुलाला तिचं नाव, किंमत, वास आणि कुठल्या दुकानात ती न विचारता मिळते हे सगळं पाठ झालेलं असतं. तेरा-चौदाव्या वर्षी त्याला स्वतःसाठी घ्यावीशी वाटली तर नवीन काहीच करावं लागत नाही, "पप्पांसाठी" एवढंच म्हणायचं. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरत असल्याचं आढळलं होतं. त्यातल्या किती जणांची पहिली ओळख घरच्या पुडीने झाली असेल, याचा प्रत्येक दुकानदाराने आपल्या गल्लीपुरता विचार करून बघावा.

उपाय साधा आहे, पण तो पहिल्याच दिवसापासून सगळ्यांना लागू करावा लागतो. साखर, चहा, साबण पिशवीत घालायचं, पैशाचा हिशेब करायचा आणि मुलाला समजेल असं सांगायचं, "बाळा, हे सगळं घे. पुडी तुझ्याकडे देता येत नाही, पप्पांना यायला सांग." चिठ्ठीवर त्या ओळीपुढे 'स्वतः येऊन घ्या' असं लिहून द्यायचं, म्हणजे मुलाला घरी जाऊन बोलणी खावी लागत नाहीत. हे लिहिणं विसरू नका. तसं न करता मूल रिकाम्या हाताने परत पाठवलं की त्याच्यावर ओरडा बसतो, आणि पुढच्या वेळी ते तुमच्याकडे न येता कोपऱ्यावरच्या टपरीवर जातं.

बाप तावातावाने येणार, हे धरूनच चाला. "माझ्या पोरीवर संशय घेता का?" त्यावर वाद घालायचा नाही. "अण्णा, पोरगी गुणाची आहे. पण लहान मुलाच्या हातात दिली तर केस माझ्यावर होते. तुम्ही या, एका मिनिटात देते." दोन-तीनदा असं झालं की माणूस कामावरून येताना स्वतःच घेऊन जायला लागतो. खातं तोडण्याइतकं कुणी रागावत नाही, हा माझा अनुभव आहे.

मिश्रीचं प्रकरण थोडं नाजूक असतं. आजी घराबाहेर पडू शकत नाही आणि नातवाला पाठवते. मिश्री दात घासायची, म्हणून ती तंबाखू नाहीच असं पुष्कळ घरांत मानतात. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि नियम तिलाही तोच. अशा घरी सुनेकडे किंवा शेजारच्या मोठ्या माणसाकडे द्यायची. नातवाच्या दप्तरातून मिश्री जाता कामा नये.

दुपारी दोन ते चार गल्ल्यावर कोण असतं?

दुकानात नियम पाळला जातो की नाही हे बघायचं असेल तर दुपारी जाऊन बघा. मालक जेवून आडवा झालेला असतो आणि गल्ल्यावर त्याचा नववीतला मुलगा किंवा गावाकडून आलेला पुतण्या. त्याच्यासमोर येतात ते त्याच्याच वर्गातले मित्र. त्यांना तो 'नाही' कसा म्हणणार? म्हटलं तर उद्या वर्गात चेष्टा.

शाळेनंतर घरच्या दुकानात मुलाने हात लावायला हरकत नाही, पण अठराखालच्या व्यक्तीने तंबाखूजन्य पदार्थ हाताळायचे किंवा विकायचे नाहीत असं कोटपाचे नियम स्पष्ट सांगतात. म्हणून त्या वेळेत तो माल सरळ कुलपात. आम्ही सिगारेट, बिडी, तंबाखू, लायटर हे सगळं एका खणात ठेवतो आणि मोठं माणूस गल्ल्यावरून उठलं की किल्ली त्याच्यासोबत जाते. मुलाला मित्रांसमोर सांगायला खरं कारण मिळतं, "किल्ली माझ्याकडे नाही." मुलाला कणखर बनवायच्या भानगडीत पडण्यापेक्षा किल्ली लपवणं सोपं. दुपारी थोडं गिऱ्हाईक परत जाईल, जाऊ द्या.

पगारी माणसाच्या बाबतीत अडचण वेगळी असते. तो नकार देतो, गिऱ्हाईक मालकाला फोन लावतं, मालक म्हणतो, "दे रे, आपलाच आहे." त्या क्षणी दुकानातला नियम संपला. कामावरचा माणूस पुन्हा कधीही नाही म्हणणार नाही. त्याने दिलेला नकार मालकाने फिरवायचा नाही, बाकी काही जमलं नाही तरी एवढं पाळा.

चेहऱ्यावरून वय ओळखता येत नाही

सोळाव्या वर्षी दाढी-मिशी असलेली मुलं असतात आणि बाविसाव्या वर्षी कोवळी दिसणारीही. ब्रिटनमधल्या दुकानांत यावर एक पद्धत रूढ आहे. किमान वय अठरा असलं तरी जो पंचवीसच्या आतला वाटतो त्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचं. अंदाज दोन-चार वर्षांनी चुकला तरी अठराच्या खाली जात नाही. ही पद्धत आपल्याकडेही जशीच्या तशी चालते आणि तिचा मोठा फायदा म्हणजे कुणाला अपमान वाटत नाही. "दादा, कार्ड दाखवा, सगळ्यांनाच विचारते" म्हटलं की वीस वर्षांचा मुलगा हसून दाखवतो. सतरा वर्षांचा "घरी राहिलं" म्हणतो. घरी राहिलं तर माल नाही, इथे वाटाघाट करायची नाही.

जन्मतारखेचं गणित घाईत चुकतं, म्हणून ते आधीच करून खणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. चालू सालातून १८ वजा करा. २०२६ साल असेल तर उत्तर २००८. २००७ किंवा त्याआधी जन्मलेल्याला देता येतं, २००९ किंवा नंतर जन्मलेल्याला वर्षभर नाही. फक्त २००८ चा जन्म असेल तर दिवस-महिना बघा, वाढदिवस होऊन गेलेला हवा. जानेवारीत कागद बदलायचा.

कुठलं कार्ड धरायचं, इथेही गोंधळ होतो. वाहन परवाना आहे म्हणजे अठरा पूर्ण, असं समजू नका. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो. पॅन कार्ड लहान मुलांचंही निघतं. कॉलेजच्या ओळखपत्राचा तर उपयोगच नाही. आपल्याकडे एकाच आवारात अकरावी-बारावी आणि पदवीचे वर्ग असतात, तेव्हा 'कॉलेजचा आहे' यावरून वय काही कळत नाही. आधार चालतं, पण सुरुवातीच्या काही कार्डांवर फक्त जन्मसाल छापलेलं आहे. ते साल नेमकं सीमेवरचं निघालं तर दुसरा पुरावा मागा. मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका, तारीख बदललेला फोटो तयार करायला आजच्या मुलांना वेळ लागत नाही. डिजीलॉकर उघडून दाखवत असेल तर ठीक. आणि कार्ड बघून लगेच परत द्या, त्याचा फोटो किंवा झेरॉक्स काढून ठेवू नका. आपल्याला तारीख बघायची होती, ती बघून झाली.

सुटी सिगारेट, माळा आणि तो बोलणारा स्पीकर

महाराष्ट्रात सुट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. किती दुकानं ती पाळतात हे आपल्याला सगळ्यांना दिसतं. लहान मुलांच्या बाबतीत मला हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अख्खं पाकीट घ्यायला शाळकरी मुलाच्या खिशात पैसे नसतात, असले तरी ते घरी लपवायचं कुठे हा प्रश्न असतो. सुटी एक मात्र खाऊच्या पैशात येते, जागच्या जागी संपते आणि पाकिटावरचं चित्र तर त्याच्या नजरेसही पडत नाही. तुमच्याकडे ही तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर बाकी काही करण्याआधी सुटी विक्री थांबवा.

मग दुकानाच्या बाहेर या आणि दहा वर्षांच्या मुलाच्या उंचीला वाकून आपलं काउंटर बघा. गोळ्या-चॉकलेटच्या बरण्या, त्याला टेकून सिगारेटची पाकिटं, वरून लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा, दोरीला बांधलेला लायटर. मुलाचा हात सहज पोचेल अशा ठिकाणी हा माल मांडायचा नाही, असा नियमच आहे. माळा आत न्या, पाकिटं विक्रेत्याच्या पाठीमागे बंद खणात ठेवा. मागितल्याशिवाय दिसता कामा नये. नेहमीच्या गिऱ्हाइकाला माल कुठे आहे ते माहीत असतं, धंदा बुडत नाही.

अलीकडे क्यूआर कोडमुळे नवीनच घोळ सुरू झालाय. पोरगं येतं, काही न बोलता स्कॅन करतं, स्पीकर रक्कम पुकारतो आणि मग ते म्हणतं, "काकू, पैसे आले ना? द्या की." गर्दीत पैसे आल्याचा आवाज ऐकला की गल्ल्यावरच्या माणसाचा हात आपोआप मालाकडे जातो. आधी माल काउंटरवर, मग पैसे, हा क्रम तंबाखूच्या बाबतीत तरी मोडू द्यायचा नाही. आधीच टाकले असतील तर तेवढी रक्कम रोख परत करायची आणि विषय संपवायचा. फोनवरून मागवलेल्या किराण्यात हा माल असेल तर पोचवणाऱ्याला सांगून ठेवा, दार मुलाने उघडलं तर पुडी परत आणायची.

घोळक्याचंही लक्ष ठेवावं लागतं. चार मुलं रस्त्यापलीकडे थांबतात आणि त्यांतला एकच, वयाने मोठा, आत येतो. त्याचं कार्ड बरोबर असतं, पण माल कुणाच्या हातात जाणार हे समोर दिसत असतं. अशा वेळी कार्ड बघूनही नाही म्हणायचा अधिकार दुकानदाराला आहे आणि तो वापरावा. "बाहेर थांबलेल्यांसाठी असेल तर देत नाही" एवढं मोठ्याने म्हटलं तरी पुरतं.

नकाराची वही

उधारीची वही ठेवतो तशी एक पातळ वही नकारांसाठी ठेवा. तारीख, वेळ, काय मागितलं, का दिलं नाही, गल्ल्यावर कोण होतं. मुलाचं नाव लिहायचं नाही, 'शाळेच्या गणवेशातला, साधारण चौदा' एवढं बस. ओळीभर लिहायला क्षणही जात नाही आणि उपयोग दोन आहेत. एक म्हणजे कधी तक्रार किंवा तपासणी झालीच तर दुकान खरोखर वय विचारतं हे दाखवायला तुमच्या हातात काहीतरी असतं. दुसरा जास्त कामाचा. काही आठवड्यांनी वही चाळली की दिसतं, नकार सगळे संध्याकाळी क्लास सुटण्याच्या वेळचे आहेत, किंवा एका ठरावीक माणसाच्या पाळीत एकही नोंद नाही. जिथे नोंदच नाही तिथे मुलं येत नाहीत असं समजू नका. तिथे विचारलं जात नाहीये.

एकट्याने कडक राहिलं की पोरं शेजारच्या दुकानात जातात, हेही खरं. म्हणून ओळीतल्या दुकानांनी एकाच तारखेपासून सुरुवात करावी. व्यापारी संघटनेच्या बैठकीत हा विषय घ्या, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना बोलवा. 'घरच्या मालासाठी मुलांना पाठवू नका' हे पालकसभेत त्यांनी सांगितलं तर दुकानदाराचं निम्मं काम हलकं होतं.

बाकीचा माल

ई-सिगारेटच्या बाबतीत वय विचारायचा प्रश्नच येत नाही, २०१९ पासून देशभर तिची विक्रीच बंद आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सुगंधी सुपारी, पानमसाला, मावा, खर्रा हेही बंदीखाली येतात. गोड सुपारीच्या नावाने मुलांच्या हातात पडणाऱ्या चकचकीत पुड्यांची खरेदीच थांबवा, एजंट कितीही मागे लागला तरी. बिअर शॉपी आणि वाइन शॉपवाल्यांसाठी आकडे वेगळे आहेत. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१, तर व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी आणि कडक बिअरसाठी २५. तिथे पंचविशीचा अंदाज उपयोगाचा नाही, तिशीच्या आतल्या प्रत्येकाला विचारावं लागेल.

एवढं करूनही तक्रार येत असेल तर

दुकान तपासून बघा, पण त्यासाठी लहान मुलाला पाठवू नका. नात्यातला एखादा एकोणीस-वीस वर्षांचा, कोवळा दिसणारा भाचा किंवा पुतणी निवडा, कामावरच्या माणसांच्या ओळखीची नसलेली. तिला सिगारेटचं पाकीट मागायला सांगा. ती सज्ञान आहे, त्यामुळे माल मिळाला तरी कायदा मोडत नाही. बघायचं एवढंच की तिला कार्ड मागितलं का. दुपारी एकदा, संध्याकाळच्या गर्दीत एकदा, आणि मालक दुकानात नसताना एकदा. जिथे विचारलं नाही तिथे त्या माणसाला सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन त्याचं काय अडलं ते ऐका. बहुतेक वेळा उत्तर निघतं, "विचारलं तर गिऱ्हाईक चिडेल आणि तुम्ही मला ओरडाल." त्याला सांगा, नकारामुळे गेलेल्या गिऱ्हाइकाबद्दल कधीही बोलणार नाही, आणि तो शब्द पाळा.

आणि एखादं मूल रोजच मागायला येत असेल, नकार दिल्यावर विनवण्या करत असेल, तर त्याला सवय लागली आहे हे ओळखा. त्याला हाकलू नका. तंबाखू सोडायला मदत करणारा राष्ट्रीय क्रमांक १८००-११२-३५६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तो क्रमांक आम्ही खणाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, मागणाऱ्याला समोरून वाचता येईल असा.